ताबा २ सप्टेंबरला, पोहण्याचा तलाव नंतर

‘द सिम्स’ खेळायचा नसतो, नांदवायचा असतो. पडद्यावर एक घर, घरात माणसं. त्यांना भूक लागते, झोप येते, शेजाऱ्याशी भांडण होतं, स्वयंपाक करताना आग लागते. जिंकणं-हरणं काही नाही. विल राइट या अमेरिकन रचनाकाराचं घर १९९१ साली ओकलंडच्या टेकड्यांवरच्या वणव्यात जळालं. संसार पुन्हा उभा करताना माणसाला नेमकं काय काय लागतं, या विचारातून त्याला हा खेळ सुचला. ४ फेब्रुवारी २००० रोजी तो बाजारात आला आणि दोन वर्षांत संगणकावरचा तोवरचा सर्वाधिक खपाचा खेळ ठरला. २००४ मध्ये दुसरा भाग आला, २००९ मध्ये तिसरा. दर भागात संसार वाढत गेला. चौथ्यात तो आटला.

त्या आटण्याचा हा घटनाक्रम. तास २ सप्टेंबर २०१४ पासून मागे मोजले आहेत. त्या दिवशी ‘द सिम्स ४’ अमेरिकेत विक्रीला आला. दिवसांना चोविसाने गुणून आकडे काढलेत, तेव्हा घड्याळ घेऊन कुणी तपासायला बसू नये.

बाकी १३,१०४ तास (५ मार्च २०१३)

आपत्तीची सुरुवात भलत्याच खेळात झाली. मॅक्सिस हा स्टुडिओ आणि त्याची मालक इलेक्ट्रॉनिक आर्ट्स, म्हणजे ईए, यांनी त्या दिवशी नवा ‘सिमसिटी’ विकायला काढला. शहर वसवण्याचा हा खेळ मूळचा राइटचाच, १९८९ मधला. नव्या आवृत्तीत मेख एकच: एकट्याने खेळायचं असलं तरी इंटरनेट सक्तीचं. पहिल्याच रात्री सर्व्हरनी मान टाकली. पैसे मोजलेल्या माणसांना आपल्याच शहरात शिरायला रांग लावावी लागली, आणि आत गेल्यावर वसवलेलं शहर जागेवर असेलच याची खात्री नव्हती. भार हलका करण्यासाठी कंपनीने ‘चीता’ नावाची सर्वांत वेगवान गतीच काढून टाकली. ॲमेझॉनने डाउनलोडची विक्री काही काळ थांबवली. शेवटी, ग्राहकांना कंपनीचा दुसरा एक खेळ फुकट देऊन समजूत काढावी लागली.

बरीचशी आकडेमोड आमच्या सर्व्हरवर होते, त्यामुळे जोडणीशिवाय खेळ चालवणं सोपं नाही, असं मॅक्सिसच्या प्रमुख ल्यूसी ब्रॅडशॉ सांगत होत्या. दहा-बारा दिवसांच्या आत एका हौशी प्रोग्रॅमरने जोडणी तोडूनही शहर चालतं हे करून दाखवलं. एप्रिलमध्ये ‘कन्झ्युमरिस्ट’च्या वाचकांनी ईएला सलग दुसऱ्या वर्षी अमेरिकेतली सर्वांत वाईट कंपनी ठरवलं. बँका आणि केबलवाल्यांना मागे टाकून एका खेळ बनवणाऱ्या कंपनीने हा मान मिळवला. अमेरिकन ग्राहकाचा राग कुठे जाऊन बसतो हे त्यावरून कळावं.

बाकी ११,६१६ तास (६ मे २०१३)

‘सिमसिटी’च्या राखेतून अजून धूर निघत होता, आणि ‘द सिम्स ४’ची घोषणा झाली. तीत एक गोष्ट आवर्जून सांगितली होती: खेळ एकट्याने, इंटरनेटशिवाय खेळता येईल. चाहत्यांनी निःश्वास सोडला. मोठी भीती टळली होती.

आधी काय शिजत होतं याचा अंदाज पुढे आला. खेळ बाजारात आल्यावर त्याच्या फायली उकरणाऱ्यांना ‘ऑलिंपस’ हे नाव आणि अनेकांनी मिळून खेळायच्या रचनेचे अवशेष सापडले. मूळ आखणी ऑनलाइन खेळाची असावी आणि ती मध्येच मोडली असावी, असा निष्कर्ष त्यांनी काढला. मला तो पटतो, कारण पुढे जे जे गळालं त्याची संगती त्याने लागते. छोट्या छोट्या तुकड्यांची वस्ती, एका घरातून दुसऱ्या घरात जाताना थांबवणारा पडदा, आटोपशीर सगळं काही: हा आराखडा एका कुटुंबात रमणाऱ्या माणसासाठी काढल्यासारखा वाटत नाही.

बाकी सुमारे ९,००० तास (ऑगस्ट २०१३)

कलोनच्या गेम्सकॉम मेळाव्यात खेळ दाखवला. सिम्सना आता मनःस्थिती होती: रागावलेला सिम रागातच चालतो, रागातच भांडी घासतो. चेहरा हाताने ओढून-दाबून घडवता येत होता, अख्खी खोली उचलून दुसरीकडे ठेवता येत होती. टाळ्या पडल्या, आणि त्या रास्त होत्या. जे दाखवलं ते चांगलंच होतं. जे नव्हतं ते दाखवण्याचा प्रश्नच नव्हता.

बाकी २,०४० तास (९ जून २०१४)

लॉस एंजेलिसच्या ई-थ्री प्रदर्शनात तारीख जाहीर झाली: २ सप्टेंबर. आगाऊ नोंदण्या सुरूच होत्या.

बाकी सुमारे १,५०० तास (जूनअखेर, जुलैचा आरंभ)

खरी आपत्ती इथे घडली. सर्व्हर कोसळला नाही, पडदा काळा झाला नाही. फक्त एक यादी बाहेर आली. पहिल्या खेपेत काय असेल आणि काय नसेल, हे कंपनीने टप्प्याटप्प्याने कबूल केलं, आणि नसलेल्या गोष्टींत दोन नावं होती: पोहण्याचा तलाव आणि दुडुदुडु चालणारं मूल.

बाहेरच्याला यात हसू येईल. तलाव नाही, तर नसो. पण या खेळातल्या तलावाला इतिहास आहे. पहिल्या भागात सिम पाण्यात उतरला की शिडीशिवाय त्याला बाहेर येता येत नसे. मग कुणीतरी शिडी काढून पाहिली. सिम पोहत राहिला, दमला, बुडाला. यमदूत आला, अंगणात थडगं उभं राहिलं. जगभरच्या शाळकरी मुलांनी आपापल्या घरी हा शोध स्वतंत्रपणे लावला, हे विशेष. तिसऱ्या भागात सिम शिडीशिवाय काठावर चढायला शिकले. तर खेळाडूंनी तलावाभोवती भिंत घातली. निर्मात्यांनी एक मार्ग बंद करायचा आणि खेळाडूंनी दुसरा शोधायचा, असा चौदा वर्षांचा हा खोडसाळ संवाद होता. तलाव काढणं म्हणजे तो संवाद तोडणं.

मुलाचं प्रकरण याहून गंभीर. रांगणारं, बोबडं बोलणारं मूल दुसऱ्या भागात आलं आणि त्याने खेळाचा स्वभावच बदलला. त्याला चालायला शिकवावं लागे, बोलायला शिकवावं लागे, शी-शूची सवय लावावी लागे. आई दमे, बाबा ऑफिसला उशिरा पोचे. या मालिकेत पिढ्यान्‌पिढ्या एकच घराणं चालवणारे खेळाडू आहेत: पणजीचं नाक पणतीला आलं की आनंदणारे, वंशावळी सांभाळणारे. त्यांच्यासाठी संसाराचा खरा कस त्या दोन-तीन वर्षांत लागतो. चौथ्या भागात बाळ पाळण्यात होतं, अगदी पाळण्याला जखडलेलंच, म्हणजे फर्निचरचा एक भाग असावा तसं. आणि एके दिवशी ते उठलं की थेट शाळकरी. बारसं झालं, दप्तर आणा.

कार्यकारी निर्मात्या रेचल फ्रँकलिन यांनी जाहीर खुलासा केला. त्याचा मथितार्थ असा: नवी यंत्रणा शून्यापासून उभारली आहे, सगळं एकदम देणं शक्य नव्हतं, सिम्सच्या भावना आणि घर बांधायची नवी साधनं यांवर भर द्यायचं आम्ही ठरवलं, पाया भक्कम आहे, पुढे भर घालता येईल. खुलासा प्रामाणिक होता असं मी मानतो, आणि तरीही तो फसला. पुण्या-मुंबईत ज्याने नवा फ्लॅट घेतलाय त्याला हे चटकन कळेल. माहितीपत्रकात तलाव, क्लबहाउस, मुलांची बाग. ताबा घ्यायला गेलं की बिल्डर म्हणतो, ते सगळं फेज टूमध्ये. आधीच्या तीन इमारतींत तलाव पहिल्या वर्षात दिलेला असतो, हे ग्राहकाच्या डोळ्यांसमोर असतं. शिवाय सिम्सच्या खेळाडूंना फेज टू म्हणजे काय हे चांगलं माहीत होतं: तिसऱ्या भागाला कंपनीने अकरा विस्तार-संच काढले होते आणि प्रत्येकाचे वेगळे पैसे घेतले होते. आज काढलेला तलाव उद्या बिलासकट येईल, हा संशय वावगा नव्हता.

निषेधाचे अर्ज निघाले, नोंदण्या रद्द करण्याची भाषा झाली. यादी जितकी वाचावी तितकी लांबत गेली. तिसऱ्या भागातली सलग, बिनअडथळ्याची वस्ती गेली. सोफ्याला हवा तो रंग आणि हवं ते कापड चढवायची सोय गेली. गाड्या गेल्या. किशोरवयातला सिम उंचीने थेट बापाएवढा झाला.

मधल्या काळात रशियाने समलिंगी नात्यांमुळे या खेळाला अठरा वर्षांवरच्यांसाठी असा शिक्का मारला होता. रांगणारं मूल नसलेला कौटुंबिक खेळ, आणि तोही फक्त प्रौढांसाठी. असो.

बाकी ५०४ तास (१२ ऑगस्ट २०१४)

सिम घडवायची कार्यशाळा तेवढी नमुना म्हणून सर्वांना फुकट दिली. ती उत्तम होती. लोकांनी ओळखीच्या चेहऱ्यांचे सिम केले, नेत्यांचे केले, नटांचे केले. काही काळ राग निवळला. कंपनीने आपलं सर्वांत बलवान अंग पुढे केलं होतं, आणि व्यापारात ते चुकीचं नाही.

बाकी सुमारे शंभर तास

परीक्षणाच्या प्रती आधी मिळणार नाहीत, असं समीक्षकांना कळवलं गेलं. ग्राहक आणि समीक्षक एकाच दिवशी खेळ उघडणार. माझ्या मते, या सगळ्या प्रकरणात निव्वळ अक्षम्य म्हणावी अशी हीच एक गोष्ट. बाकीच्या निर्णयांमागे वेळेची, पैशाची, मोडलेल्या आराखड्याची अडचण असेल. या निर्णयामागे फक्त पहिल्या दिवसाची विक्री होती.

शून्य तास (२ सप्टेंबर २०१४)

काहीही कोसळलं नाही. साठ डॉलरचा खेळ उघडला, विलो क्रीक आणि ओअॅसिस स्प्रिंग्ज ही दोन गावं समोर आली, सिम्स बोलू लागले. ‘सिमसिटी’त जे जे मोडलं होतं ते सगळं इथे धड होतं. इंटरनेटची सक्ती नव्हती, रांग नव्हती. कंपनी मागच्या आगीतून बरोब्बर तेवढंच शिकली होती.

मग लोक हिंडू लागले. शेजारच्या घरी जायचं तर पडदा थांबतो. बागेतून घरी यायचं तर थांबतो. संध्याकाळ होते, अंगण रिकामं. जन्मलेलं बाळ एकदम मोठं होतं, आणि आईबापाच्या चेहऱ्यावर नव्या यंत्रणेने दिलेली सुरेख, बारकाईची भावना उमटते. त्या भावनेला कारणच उरलेलं नाही. सिम आता हसून हसून मरू शकत होता, रागाने मरू शकत होता, लाजेनेही मरू शकत होता. बुडून मरायची मात्र सोय नव्हती.

अधिक ४८ तास

युरोपात विक्री सुरू झाली. परीक्षणं येऊ लागली, आणि गुणांची सरासरी पुढे सत्तरच्या आसपास स्थिरावली. मालिकेच्या आधीच्या तिन्ही मुख्य भागांपेक्षा कमी. बहुतेकांचं म्हणणं एकच: आहे ते गोड आहे, पण आहे किती?

याच दिवसांत एक गंमत झाली. चोरून मिळवलेल्या प्रतीत, अंघोळीच्या वेळी सिमच्या अंगावर येणारा धूसर चौकोन हळूहळू पसरून अख्खा पडदा व्यापत असे. काही जणांनी हा ‘बिघाड’ जाहीरपणे विचारला आणि स्वतःची चोरी स्वतःच उघड केली. संपूर्ण प्रकरणात कंपनीच्या वाट्याला आलेलं हसू एवढंच.

अधिक ६९६ तास (१ ऑक्टोबर २०१४)

भुतं परत आली, फुकट. मेलेले आधी आले, हे लोकांच्या नजरेतून सुटलं नाही.

अधिक १,५१२ तास (४ नोव्हेंबर २०१४)

पोहण्याचा तलाव आला, तोही फुकट. म्हणजे जुलैतला संशय निदान इथे खोटा ठरला, आणि ते मान्य करायला हवं. लोकांनी त्याच दिवशी काठाला कुंपण घालून जुना प्रयोग करून पाहिला. सिम बुडाला. समाधान झालं.

पण मग प्रश्न उरतो: दोन महिन्यांत जे देता आलं, त्यासाठी दोन महिने थांबता आलं नसतं का? तारीख दिली होती, सणासुदीचा हंगाम तोंडावर होता, हिशेबाची तिमाही ठरलेली होती. सिम्सच्या घरात काय असावं हे शेवटी या तीन गोष्टींनी ठरवलं, आणि म्हणून मी याला अपघात म्हणत नाही.

अधिक २०,७१२ तास (१२ जानेवारी २०१७)

दुडुदुडु चालणारं मूल आलं. खेळातला एक तास म्हणजे आपला साधारण एक मिनिट; त्या हिशेबाने सिम्सच्या जगात मधे एकशे चाळीस वर्षं गेली. पण मूल आलं ते फार चांगलं आलं: हट्टी, लाघवी, प्रत्येकाचा स्वभाव वेगळा. मालिकेतलं आजवरचं सर्वांत जिवंत मूल, असं रागावलेलेही म्हणाले. पुरेसा वेळ दिला असता तर हा स्टुडिओ काय करू शकला असता, याचा पुरावा त्यानेच असा सवा दोन वर्षांनी सादर केला.

धंद्याच्या दृष्टीने आपत्ती वगैरे काही झाली नाही. खेळ तगला, पैशाचे विस्तार-संच एकामागून एक येत राहिले, आणि १८ ऑक्टोबर २०२२ पासून मूळ खेळ फुकट झाला. पाळण्याला जखडलेलं बाळ १४ मार्च २०२३ रोजी सुटलं आणि रांगू लागलं. घरफोड्या चोर २०२५ मध्ये परतला. चालवता येणारी गाडी त्यालाही मिळालेली नाही.