अमावास्या आणि शून्याचा दिवस

मंडळी, ब्रह्मपुरीच्या आमच्या भाऊजींना मायलोमा, म्हणजे हाडांच्या मगजातला कर्करोग झाला होता, हे आप्तांना ठाऊक आहेच. मुंबईच्या डॉक्टरांनी सांगितलं, "बुधवारी औषध, गुरुवारी पेशी." नेमकी गुरुवारी अमावास्या! बहिणीचा फोन आला, "दादा, एक दिवस पुढे ढकलता येते का, विचारून पाहा ना." विचारण्याआधी मी थोडं वाचलं.

याचा इतिहास फार जुना नाही. मुंबईच्या टाटा हॉस्पिटलात डॉ. सुरेश अडवाणी यांच्या चमूने भारतातलं पहिलं यशस्वी मज्जा प्रत्यारोपण केलं ते २० मार्च १९८३ रोजी. (आपला गडचिरोली जिल्हा चांद्यापासून वेगळा होऊन तेव्हा जेमतेम सात महिने झाले होते.) त्या नऊ वर्षांच्या मुलीला भावाची मज्जा दिली होती. भाऊजींचं तसं नव्हतं, पेशी त्यांच्याच होत्या.

त्याच १९८३ साली इंग्लंडमध्ये मॅकएल्वेन आणि पॉवल्स यांनी मायलोमाच्या रोग्यांना मेल्फलान हे जुनंच औषध भरपूर मात्रेत दिलं. रोग हटे, पण मगजही जळून जाई. रक्तपेशी परतायला कित्येक आठवडे लागत आणि तेवढ्यात जंतुसंसर्गाने काहीजण दगावत. मग १९८६ च्या सुमारास अमेरिकेत बार्लोगी यांनी रोग्याची मज्जा आधीच काढून ठेवून औषधानंतर परत देण्याची रीत अवलंबली. पुढे मज्जेऐवजी रक्तातूनच मूळपेशी गोळा करता येऊ लागल्या.

आता प्रश्न वेळेचा. लगेच दिल्या तर अंगातलं औषध त्या पेशींनाही मारणार. पण मेल्फलान फार टिकत नाही. साधारण दीड तासात रक्तातलं प्रमाण निम्मं होतं, पुढच्या दीड तासात त्याच्या निम्मं. चोवीस तासांत जवळजवळ काही उरत नाही. म्हणून गुरुवार. ज्या दिवशी पेशी देतात त्याला डॉक्टर 'शून्याचा दिवस' म्हणतात; औषधाचा तो उणे एक.

पेशी उणे १९६ अंशांच्या द्रव नायट्रोजनमध्ये गोठवल्या तर कितीही थांबतात. पण भाऊजींच्या पेशी गोठवल्या नव्हत्या, ४ अंशांच्या फ्रीजमध्ये होत्या. आपल्याकडे बऱ्याच ठिकाणी असं करतात, खर्च वाचतो. पण अशा पेशी दोन-तीन दिवसच चांगल्या राहतात. डॉक्टर म्हणाले, एका दिवसाने आभाळ कोसळणार नाही, पण पेशी विनाकारण कमी होतील.

बहिणीला मी एवढंच म्हटलं, "बाई, तणनाशक मारल्यावर लगेच रोवणी करत नाही, खरं ना? पण पऱ्हे उपटून बांधावर किती दिवस ठेवशील?" ती गप्प झाली.

गुरुवारी अकराला पिशवी लावली, अर्ध्या तासात संपली. बघण्यासारखं काहीच नव्हतं, सलाइनसारखंच. आठव्या दिवशी ताप चढला आणि आम्हा सर्वांची झोप उडाली. बाराव्या दिवशी पांढऱ्या पेशी वर आल्या.

यंदा रोवणीला भाऊजी बांधावर उभे होते. बहीण मात्र अजून म्हणते, तो ताप अमावास्येचाच.