धुळें शहराची उभारणी आणि बांधकामाची पूर्वतयारी

खानदेशांत पेशव्यांचा अंमल जाऊन इंग्रजांचा अंमल बसला तो १८१८ सालीं. लुटालूट व दुष्काळ यांनीं प्रांत त्या वेळीं उजाड झाला होता. प्रांताचे पहिले अधिकारी कॅप्टन जॉन ब्रिग्ज यांनीं १८१९ सालीं आपलें ठाणें धुळें येथें केलें. कारण हें गांव प्रांताच्या मध्यभागीं असून पुण्याहून हिंदुस्थानांत जाणाऱ्या वाटेवर होतें. तेव्हां तेथें अवघीं ४०१ घरें व २,५०९ माणसें होतीं. एका बाजूस पाट व दुसऱ्या बाजूस पांझरा नदी, अशा चिंचोळ्या जागेंत तें वसलें होतें.

ब्रिग्ज यांच्या कामाचा क्रम लक्षांत घेण्याजोगा आहे. त्यांनीं प्रथम सरकारी कचेऱ्यांच्या बांधकामास मंजुरी मिळविली, नंतर दूरदूरचे कारागीर आणविले, आणि सुमारें २७,००० रुपये खर्चून इमारती उभ्या केल्या. नव्या पेठेंत घर बांधूं इच्छिणारांस जागा कायमच्या बिनभाड्यानें दिल्या, व पक्कीं घरें व्हावीं म्हणून आगाऊ रकमाही दिल्या. मंजुरी, पैसा, कारागीर व जागा या चारही गोष्टींची सोय आधींच झाल्यामुळें शहर वाढीस लागलें.

तथापि नदीकांठचें भय त्यानें टळलें नाहीं. १८७२ सालीं पांझरेस मोठा पूर येऊन घरादारांची व मालमत्तेची फार हानि झाली. पुढें १८८४ सालीं तरुण इंजिनिअर विश्वेश्वरय्या यांची सरकारी नोकरी याच भागांत सुरू झाली. एका ओढ्याखालून पाण्याचा नळ नेण्याचें काम त्यांच्याकडे आलें. पावसाळ्यांत पुरानें व वाळूनें काम अडूं लागलें, म्हणून तें पुढें ढकलावें असें त्यांनीं वरिष्ठांस कळविलें. पण तें मान्य न झाल्यामुळें त्यांना तें तशाच स्थितींत नेटानें पुरें करावें लागलें. बांधकामाचा काळ आधीं न ठरविल्यास श्रम किती वाढतात, हें यावरून दिसतें.

खानदेशांतील काळ्या मातीचीही गोष्ट अशीच आहे. ती पावसांत फुगते व उन्हाळ्यांत आकसून भेगाळते. पाया मुरमापर्यंत किंवा खडकापर्यंत न नेल्यास कांहीं वर्षांतच भिंतींस तडे जातात. तड्यांत चुना वा सिमेंट भरल्यानें व्यंग झांकतें, बरें होत नाहीं. पाणी कोठून मुरतें, पाया कोठें खचला, हें जाणत्याकडून तपासूनच दुरुस्ती केली पाहिजे.

धुळ्यास १८६२ सालीं व जळगांवास १८६४ सालीं नगरपालिका आल्या, आणि २००३ सालीं दोन्ही शहरांत महानगरपालिका झाल्या. १९६६ च्या महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना कायद्यानें बांधकामापूर्वीं नियोजन प्राधिकरणाची परवानगी घेणें आवश्यक केलें. विनापरवाना बांधकाम पाडण्याची नोटीस देण्याचा अधिकारही त्याच कायद्यांत आहे. महानगरपालिकेच्या हद्दींत इमारतीस तीस वर्षें झालीं म्हणजे नोंदणीकृत इंजिनिअरकडून तिच्या मजबुतीची तपासणी करवून, तो सांगेल त्या दुरुस्त्या करणें, हें मालकाचें वा वहिवाटदाराचें कर्तव्य ठरविलें आहे.

कित्येकांस हे नियम केवळ कटकटीचे वाटतात. परंतु परवानगीचा नकाशा करतांना रस्ता, शेजाऱ्याचा उजेड, सांडपाण्याची वाट व जिन्याची रुंदी यांचा विचार आपोआप घडतो. तोच विचार भिंत उठल्यावर सुचला, तर भिंत पाडावी लागते. बुरूज बांधण्यापूर्वीं खर्चाचा हिशेब करणाऱ्या मनुष्याचा दाखला प्रभूनें दिला तो सर्वांस ठाऊक आहे. त्या हिशेबांत आज परवानगीचे दिवस आणि दुरुस्तीची शिल्लकही धरावी.

महोत्सवाच्या वर्षीं नव्या वास्तूची इच्छा होणें स्वाभाविक आहे. मात्र ज्या छपराखालीं मुलें शिकतात व वृद्ध मंडळी प्रार्थनेस बसतात, त्याची तपासणी आधीं व्हावी. मृग लागण्यापूर्वीं छप्पर, पन्हाळी व पाया पाहून घ्यावे, कागद एकत्र ठेवावे, आणि मंजुरी हातीं आल्यावरच कुदळ मारावी. दोनशें वर्षांपूर्वीं धुळ्यास जो क्रम पाळला गेला, तो आपल्या प्रत्येक घरासही लागू आहे.