बुरानो
या प्रवासवर्णनाची लेखिका नागपूरच्या विमानतळावरून निघून पोचते ते बुरानो बेट व्हेनिसच्या खाजणात आहे. तिथल्या लाल, निळ्या, पिवळ्या घरांना रंग द्यायला नगरपालिकेची परवानगी लागते. बेटाचा खरा मान मात्र सुईच्या लेसचा. कागदावरच्या नक्षीवर टाके घालत जायचे. शेवटी कागद सोडवला की नुसती जाळी हाती येते. एका कारागीर बाईचा टाका झाला की तुकडा दुसरीकडे. १८७२ साली निघालेली तिथली लेसशाळा पुढे बंद पडली, तिच्या वास्तूत आता संग्रहालय आहे. लेखिकेला इथे करवतकाठी आठवावी, हे मला अगदी पटते. विदर्भातल्या त्या तसर लुगड्यातही काम असेच वाटलेले: काठाचे धोटे वेगळे, अंगाचा वेगळा. दोन्हींचे धागे एकमेकांत अडकतात तेव्हाच करवतीचे दात उमटतात.