गच्चीवरचा पिवळा थर

आपल्या सोसायटीच्या पंचवीस वर्षांत गणपती, हळदीकुंकू, आमसभा यांचे फोटो भरपूर निघाले. गच्चीचा मात्र एकही नाही. खरं तर सगळ्यात मोठा वाद आणि खर्च तिथलाच. म्हणून तो इतिहास इथे नोंदवून ठेवतो.

यवतमाळ जिल्ह्यातली जुनी घरं धाब्याची, नाहीतर कवेलूची. पावसाळ्याआधी धाब्यावर माती घालायची, फुटके कवेलू बदलायचे, हे घरोघरी ठरलेलं असायचं. स्लॅब आला आणि आपण समजलो, आता छताकडे पाहायला नको. पण मे महिन्यात पारा 44-45 वर गेला की स्लॅब प्रसरण पावतो, पहिल्या पावसात एकदम आकसतो. भेगा तिथूनच पडतात.

आपल्याकडेही कोबा तडकला, वरच्या मजल्यावर बादल्या लागल्या. तेव्हा गच्चीवर फोम फवारून घेतला. हा फोम पॉलियुरेथेनचा. 1937 मध्ये जर्मनीत ऑटो बायर यांनी हे रसायनशास्त्र शोधलं. दोन द्रव एकत्र आले की फेस फुगतो आणि घट्ट होतो. गळती थांबली, वरच्या खोल्याही थंड झाल्या. सगळे खूश!

पण या फोमला ऊन सोसत नाही. त्यावरचा संरक्षक लेप काही वर्षांनी पुन्हा द्यावा लागतो. तो आपण दिला नाही. उलट त्यावर कुरड्या वाळवल्या, डिशच्या छत्र्या ठोकल्या. थर पिवळा पडला, भुगा होऊ लागला, पुन्हा गळती सुरू झाली.

आमसभेत दोन तट पडले. काही म्हणाले, "वरूनच नवा थर मारा, स्वस्तात होईल." खालच्या मजल्यावरचे म्हणाले, "आमच्याकडे कुठं गळते?" पण उपविधींप्रमाणे गच्चीची गळती हा सोसायटीचाच खर्च. शेवटी मिस्त्रीनं एक चौकोन कापून दाखवला. फोम दाबला तर स्पंजासारखं पाणी निघालं. खाली स्लॅबच्या भेगेत गंजाचा लाल डाग. वरून झाकलं असतं तर पाणी आतच कोंडून लोखंड खात राहिलं असतं. वाद तिथेच मिटला.

मग पट्टे कापून, फावड्यानं उचलून, चिकटलेला भाग खरडून सगळा फोम काढला. काम करणाऱ्यांनी मास्क लावले, भुगा उडू नये म्हणून लगेच पोत्यांत भरला. "जाळून टाका" म्हणणाऱ्यांना थांबवलं, कारण त्याच्या धुरात हायड्रोजन सायनाइडसारखे विषारी वायू असतात. गच्ची उन्हात पूर्ण वाळू दिली. गंज घासला, भेगा भरल्या, उतार नीट केला, मगच नवा कोबा आणि पांढरा लेप.

आता दर मे महिन्यात गच्चीची पाहणी होते, पाइपांची तोंडं साफ होतात. आपल्या आजोबांना धाब्यावर जे कळत होतं, ते आपल्याला फोम खरडताना कळलं: छत कोणतंही असो, वर्षातून एकदा वर चढावंच लागतं. पुढच्या पंचवीस वर्षांच्या कमिट्यांनी एवढं लक्षात ठेवावं, ही विनंती.