अभंगाच्या चालीवर ख्रिस्तगान

शब्द आपले आणि चाल परकी असली, तर गीत ओठांवर येतें, पण अंतःकरणांत शिरत नाहीं. महाराष्ट्रांतील ख्रिस्ती मंडळीस एकोणिसाव्या शतकांत हा अनुभव पुष्कळ काळ आला. विलायती स्तोत्रांचीं भाषांतरें विलायती चालींवरच गाइलीं जात. इंग्रजी पद्य शब्दांतील आघातावर चालतें. मराठी पद्य अक्षरांच्या व मात्रांच्या मोजणीवर. त्यामुळें चालीचा जोर भलत्याच प्रत्ययावर पडे आणि अर्थ मागें राही. अहमदनगरच्या अमेरिकन मिशनांत कृष्णराव सांगळे यांच्यासारख्यांनीं देशी चालींची पाऊलवाट पाडिली होती. तिचा राजमार्ग केला तो रेव्हरंड नारायण वामन टिळक यांनीं.

टिळकांचा जन्म १८६१ सालीं रत्नागिरी जिल्ह्यांतील करजगांवीं झाला. आरंभींचें शिक्षण मात्र ठाणें जिल्ह्यांतील कल्याणास झालें. कवितेची गोडी आई जानकीबाईंकडून लाभली. पुढें नागपूरहून राजनांदगांवास जातांना आगगाडींत एका युरोपियन गृहस्थानें त्यांच्या हातीं 'नवा करार' ठेविला. १० फेब्रुवारी १८९५ रोजीं मुंबईस त्यांनीं बाप्तिस्मा घेतला, तोही आग्रहानें एतद्देशीय पाळकाच्या हातून. आप्त दुरावले, पत्नी लक्ष्मीबाईही कांहीं वर्षें दूर राहिल्या. धर्म बदलला म्हणून संतांची वाणी आणि टाळ-मृदंग यांनाही मुकावें काय, हा प्रश्न त्यांच्यापुढें उभा राहिला. तुकोबांच्या सेतूवरून आपण ख्रिस्तचरणीं आलों, असें ते सांगत. त्या प्रश्नाचें उत्तर यांतच आहे.

त्यांनीं अभंग, ओवी व कीर्तन हीं ख्रिस्तोपासनेस वाहिलीं. मोठ्या अभंगांत सहा अक्षरांचे तीन चरण व चार अक्षरांचा चौथा, दुसऱ्या-तिसऱ्यांत यमक. आखूड चौथ्या चरणावर गाणारा विसावतो, तोंच मंडळी पुढील शब्द उचलते. पुस्तक वाचतां न येणाऱ्यासही असें गीत ऐकूनच पाठ होतें. 'उपासना-संगीत' या मराठी स्तोत्रसंग्रहांत टिळकांचीं गीतें विपुल आहेत.

९ मे १९१९ रोजीं टिळक निवर्तले. ओवीबद्ध 'ख्रिस्तायन' अपुरें राहिलें. ज्या लक्ष्मीबाई एके काळीं दूर राहिल्या होत्या, त्यांनींच तें पुढें नेलें. टिळकांच्या एका गीताचें निकल मॅकनिकल यांनीं इंग्रजी रूपांतर केलें व तें इंग्रजी स्तोत्रसंग्रहांत गेलें. तेथें त्याला आठ-सहा अवयवांच्या ओळींचें विलायती वृत्त मिळालें. जें पूर्वीं तिकडून इकडे आलें, तें इकडूनही तिकडे गेलें. मात्र आधीं त्याला स्वतःचा सूर सांपडावा लागला.