प्लेगोत्तर मुंबईची गृहरचना : प्रकाश, वायू आणि निवारा

इ. स. १८९६ च्या सप्टेंबर महिन्यात मुंबईच्या मांडवी भागात डॉ. अकासियो व्हिएगस यांनी ग्रंथिक सन्निपाताचे, म्हणजेच प्लेगाचे, निदान केले. १८९१ च्या शिरगणतीत ८,२१,७६४ भरलेली शहराची लोकसंख्या १९०१ मध्ये ७,७६,००६ इतकी खाली आली. या आपत्तीतूनच १८९८ च्या कायद्यान्वये मुंबईच्या सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्टची स्थापना झाली.

रोगाचे मूळ ओल, अंधार आणि कोंडलेली हवा यांत आहे, ही तत्कालीन अधिकाऱ्यांची धारणा होती. साहजिकच ट्रस्टच्या योजना या धारणेस अनुसरून आखल्या गेल्या. नागपाड्यातील दाट वस्ती पाडण्यात आली. समुद्रावरील वारा शहराच्या अंतर्भागात यावा म्हणून प्रिन्सेस स्ट्रीट व सँडहर्स्ट रोड हे पूर्वपश्चिम रस्ते काढण्यात आले. आणि उत्तरेस दादर-माटुंगा येथे मोकळ्या जागा राखून नवी वसाहत योजिली गेली. घरांसाठी साडेत्रेसष्ट अंशांचा प्रकाशनियम पुढे आला. खोलीसमोरील मोकळी जागा समोरच्या इमारतीच्या उंचीच्या सुमारे निम्मी असावी, असा त्याचा व्यावहारिक अर्थ होय.

मूळ उपपत्ती मात्र टिकली नाही. १८९८ मध्येच पॉल-लुई सिमाँ यांनी उंदरावरील पिसवांकडे बोट दाखविले, आणि १९०५ पासून काम करणाऱ्या संशोधन-आयोगाने त्यास पुष्टी दिली. तथापि प्रकाश व वायू यांची आवश्यकता त्यामुळे कमी झाली नाही. चुकीच्या कारणमीमांसेतूनही उपयुक्त नियम निघू शकतो, याचे हे उदाहरण होय.

खरा दोष अन्यत्र होता. प्रारंभीच्या वर्षांत जितक्या लोकांची घरे पाडली गेली, तितक्यांसाठी नवी बांधली गेली नाहीत. विस्थापित श्रमिक कामाच्या ठिकाणापासून दूर जाऊ शकत नव्हते; ते लगतच्याच चाळींत शिरले, आणि एका वाडीतून हटविलेली दाटी दुसरीत वाढली. दादर-माटुंग्याचा लाभ मुख्यतः मध्यमवर्गास मिळाला. प्रकाशाचा कोन इमारतीच्या आराखड्यावर मोजता येतो. एका खोलीत किती माणसे राहतील, हे मात्र भाडे व मजुरी यांवर ठरते. या दुसऱ्या प्रश्नास आराखड्यात स्थान नव्हते.

१९३३ मध्ये ट्रस्ट नगरपालिकेत विलीन झाला. त्याच्या कार्याचे मूल्यमापन करताना उभारलेल्या रस्त्यांबरोबरच, पाडलेल्या खोल्यांतील माणसे कोठे गेली, याचाही हिशेब मांडणे इतिहासकारास आवश्यक आहे.