पाण्याचा क्लेम, आगीची पॉलिसी

२१ जुलै २०२१ ला बकरी ईद झाली आणि दुसऱ्या दिवशी चिपळूण पाण्याखाली गेलं. आमच्या घरात वाशिष्ठीचं पाणी शिरलं तेव्हा मी आधी अब्बांना शेजाऱ्यांच्या माडीवर नेलं, मग गॅसचं सिलिंडर, मग कागदपत्रांची पिशवी. फ्रिज कुर्बानीच्या गोश्तनं भरलेला होता, तो उचलण्याचा प्रश्नच नव्हता. पाणी ओसरल्यावर तो स्वयंपाकघरात आडवा पडलेला मिळाला. पुढचे दोन दिवस सगळ्या घराला जो वास होता तो मी इथे लिहीत नाही.

गाळ काढायला चार दिवस गेले. त्यानंतर बायको ती पिशवी उघडून कागद वाळत घालत होती. तिनं विचारलं, "अहो, ही आगीची पॉलिसी कसली?"

२०१६ मध्ये घर वाढवायला कर्ज काढलं होतं. बँकेनं विमा घ्यायला लावला, हप्त्यांची रक्कम कर्जातच मिळवली आणि मी सही केली. आपला घराचा विमा आहे हे पाच वर्षांत मला एकदाही आठवलं नव्हतं. शिवाय पॉलिसीवर लिहिलं होतं 'फायर'. आमच्याकडे आग कुठे लागली होती?

पण आतलं पान वाचलं. आगीच्या पॉलिसीत आगीबरोबर आणखी बरंच काही असतं: वीज पडणं, स्फोट, दंगल आणि संप, वादळ, पूर, दरड, पाण्याची टाकी किंवा पाइप फुटणं, अगदी क्षेपणास्त्राच्या चाचणीनं होणारं नुकसानसुद्धा. (चिपळूणवर कोण क्षेपणास्त्र सोडणार आहे, ते कंपनीलाच माहीत.) भिंतीत वर्षानुवर्षं मुरणारी ओल यात येत नाही. एकदम आलेलं पाणी येतं.

नाव आगीचं का, याचं उत्तर इतिहासात आहे. घराचा विमा मुळात आगीसाठीच निघाला. १६६६ मध्ये लंडन जळालं आणि त्यानंतरच्या वर्षांत निकोलस बार्बन या माणसानं तिथे घरांचा आगीचा विमा विकायला सुरुवात केली. बाकीची संकटं पुढे एकेक करून त्या कागदाला चिकटत गेली, नाव मात्र तेच राहिलं. आपल्याकडे १८५० मध्ये कलकत्त्यात ट्रायटन ही पहिली सर्वसाधारण विमा कंपनी सुरू झाली, ती इंग्रजांची. हिंदी भांडवलावरची इंडियन मर्कंटाइल १९०७ मध्ये मुंबईत निघाली. १ जानेवारी १९७३ पासून अशा १०७ विमा कंपन्या सरकारनं चार कंपन्यांत गोळा केल्या. माझी पॉलिसी याच वंशावळीतली.

पण हा सगळा इंग्रजांचा उद्योग आहे असं कुणी म्हटलं की माझ्यातला भाषेचा मास्तर जागा होतो. उर्दूत बीमा, मराठीत विमा. फारसीत 'बीम' म्हणजे भीती, धोका, आणि आपला शब्द त्याच कुळातला मानतात. वर्गात मी मुलांना सांगतो की उर्दूतला 'ब' मराठीत येऊन 'व' झाला. बटाला गावच्या सुजान राय या मुन्शीनं औरंगजेबाच्या काळात, १६९५ च्या सुमारास, 'खुलासतुत्तवारीख' हा फारसी ग्रंथ लिहिला. त्यात सराफांच्या कामाचं वर्णन आहे: वाटेत धोका असेल तर व्यापारी माल सराफाच्या हवाली करतो, सराफ मोबदला घेऊन तो मुक्कामी सुखरूप पोचवण्याची हमी देतो, आणि याला बीमा म्हणतात. गुजरातच्या किनाऱ्यावर जोखमी हुंडी चालायची. माल पोचला तर पैसे द्यायचे, जहाज बुडालं तर हुंडीही बुडाली. मराठी मुलखात हुंडेकरी होते, ते ठरलेल्या रकमेत माल, वाटेतली जकात आणि जोखीम सगळं अंगावर घेत. आज हुंडेकरी आडनावाची माणसं भेटतात, पण त्यातल्या कितीजणांना हे ठाऊक असेल?

म्हणजे नाव आपलं, व्यवहारही आपल्या ओळखीचा. तरी आमच्या घरात विमा हा शब्द हळू आवाजात घेतला जायचा.

२००५ च्या जुलैतही चिपळूण बुडालं होतं. त्या वर्षी माझं बी.एड. नुकतंच संपलं होतं. अम्मीचं शिलाई मशीन, धान्य, अब्बांच्या उर्दू किताबांचं कपाट, सगळं गेलं. गावातल्या लोकमान्य टिळक स्मारक वाचन मंदिराचीही पुस्तकं तेव्हा पाण्यात गेली, ते १८६४ पासूनचं वाचनालय. कुणीतरी अब्बांना म्हणालं, पुढच्या वेळेसाठी विमा काढून ठेवा. अब्बा म्हणाले, "अल्लाहनं दिलं, अल्लाहनं नेलं. त्यावर सट्टा लावायचा नाही."

सट्टा हा त्यांचा शब्द, पण त्यामागे मोठी चर्चा आहे आणि ती हसण्यावारी नेण्यासारखी नाही. दमास्कसचे हनफी फकीह इब्न आबिदीन (मृत्यू १८३६) यांच्यासमोर हा प्रश्न आला होता. युरोपी जहाजं भाड्यानं घेणारे व्यापारी 'सूकरा' नावाची रक्कम भरतात आणि माल बुडाला तर भरपाई घेतात, हे चालेल का? सूकरा म्हणजे विम्यासाठीच्या इटालियन शब्दाचं अरबी रूप. इब्न आबिदीन यांनी अशी भरपाई घेणं जायज मानलं नाही. आक्षेप तीन आहेत. एक गरर, म्हणजे व्यवहारातच अनिश्चितता, कारण आपण काय भरणार आणि काय मिळणार हे ठाऊक नसतं. दुसरा जुगाराशी असलेलं साम्य. तिसरा रिबा, म्हणजे व्याज. १९६१ मध्ये दमास्कसच्या परिषदेत मुस्तफा अल्-झर्का यांनी उलट बाजू मांडली: विमा हा नवा करार आहे, त्याला जुगार म्हणू नका. आपल्या अलीगढचे अर्थतज्ज्ञ मुहम्मद नजातुल्लाह सिद्दीकी यांचा मुद्दा मला सर्वांत पटतो. जुगार नसलेली जोखीम तयार करतो. विम्यातली जोखीम आधीपासून असते, माणसं ती फक्त वाटून घेतात. तरीही १९८५ मध्ये जेद्दाहच्या फिकह अकादमीनं ठरावीक हप्त्याचा व्यापारी विमा नाकारला आणि परस्पर सहकार्याचा विमा, म्हणजे तकाफुल, मान्य केला. सुदानमध्ये तकाफुलची पहिली कंपनी १९७९ मध्येच निघाली होती.

हिंदुस्तानातल्या उलेमांची गोष्ट थोडी वेगळी आहे. नदव्याच्या मजलिसनं १९६५ मध्येच या प्रश्नावर बसून, तीव्र गरज असेल तर वाव आहे, असा कौल दिला. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला इस्लामिक फिकह अकादमीनं दंगलींचा विचार करून इथल्या मुसलमानांना जान-मालाच्या विम्याची मुभा दिली. माझ्या पॉलिसीत दंगल आणि पूर एकाच यादीत आहेत. दंगलीसाठी जी मुभा मिळाली ती पुराच्या वेळी का आठवू नये, असा माझा साधा सवाल होता. अब्बा ऐकून गप्प बसले.

मी क्लेम केला. पॉलिसीत लिहिलं होतं की नुकसान झाल्याबरोबर कळवा आणि पंधरा दिवसांत लेखी दावा द्या. सहा दिवस आधीच गेले होते. फोन लागत नव्हता म्हणून ई-मेल केला आणि बँकेच्या शाखेत कागद देऊन पोच घेतली. ती पोच पुढे फार कामाला आली, कारण कंपनीच्या कार्यालयात माझा ई-मेल मिळतच नव्हता.

सर्व्हेअर आले ते दहाव्या दिवशी. घामाघूम झालेले, चिखलात बूट रुतलेले. त्या आठवड्यात त्यांनी किती घरं पाहिली असतील कुणास ठाऊक. त्यांनी पहिलं विचारलं, "सर, पाण्याची रेघ कुठे आहे?" बायकोनं भिंती धुतल्या होत्या, पण माझ्या सांगण्यावरून माजघरातली एक भिंत तशीच ठेवली होती. स्विचबोर्डच्या वर चार बोटं तपकिरी रेघ होती. त्यांनी टेप लावून फोटो घेतला. मग वीजबिलं, घरपट्टीची पावती, फुगलेल्या दारांचे फोटो, सुताराचं आणि वायरमनचं लेखी कोटेशन. नववीच्या मुलांना मी इतिहासाची साधनं शिकवतो: लिखित, भौतिक, मौखिक. सर्व्हेअर साहेबांना मौखिक साधनात काडीचा रस नव्हता. अब्बा त्यांना २००५ चा पूर सांगू लागले, तर ते नम्रपणे म्हणाले, "चाचा, या पॉलिसीत तो येत नाही."

नुकसान त्यांनी घसारा वजा करून २,७०,००० रुपये धरलं. हातात १,८०,००० आले. कारण विमा कर्जाच्या रकमेएवढा, म्हणजे १२ लाखांचा होता आणि बांधकामाची किंमत त्यांनी १८ लाख काढली. दोन तृतीयांश विमा, म्हणून दोन तृतीयांश भरपाई. फ्रिज, कपाट, गाद्या, भांडी यांचं काहीच नाही, कारण विमा फक्त इमारतीचा होता. हे मला सहीच्या वेळी कुणी सांगितलं नव्हतं, पण मीही विचारलं नव्हतं. विमा नाइलाजाचा, पापाचा कागद समजला की माणूस तो वाचत नाही. माझं नेमकं तेच झालं होतं. गंमत अशी की १ एप्रिल २०२१ पासून घरांसाठी 'भारत गृह रक्षा' ही पॉलिसी आली होती. तिच्यात कमी रकमेच्या विम्यासाठी अशी कपात नाही, आणि घरसामान इमारतीच्या रकमेच्या वीस टक्क्यांपर्यंत, जास्तीत जास्त १० लाख, आपोआप धरलं जातं. माझा कागद जुना होता. तुमच्यापैकी कुणाच्या कर्जासोबत असा जुना कागद असेल तर आज काढून बघा.

पैसे खात्यात आले त्या संध्याकाळी अब्बांनी विचारलं, "तू हप्ते किती भरलेस?" मी सांगितलं, सगळे मिळून सात हजारांच्या आत. ते म्हणाले, "मग सात हजार तुझे. बाकीचे गरिबांना देऊन टाक, सवाबची नियत न करता." हे त्यांचं घरचं मत नव्हतं. असं सांगणारे उलेमा आहेत, हे मलाही माहीत होतं. मी म्हणालो, "अब्बा, मला नफा झालेला नाही. २,७०,००० गेले, १,८०,००० आले." ते म्हणाले, "हिशोब तुझा बरोबर आहे. मी हिशोबाचं बोलत नाहीये."

त्यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. अजून नाही. पैसे मी भिंतींना, वायरिंगला आणि दारांना लावले. अब्बांनी नव्या गिलाव्याच्या खोलीत झोपायला नकार दिला नाही, पण तो विषय पुन्हा काढलाही नाही. पुढच्या वर्षी मी नव्या पॉलिसीसाठी घरसामानाची यादी करत बसलो होतो. अब्बा तसबीह घेऊन शेजारी बसले होते. बऱ्याच वेळानं म्हणाले, "किताबांचं कपाट लिहिलंस का?"

मी म्हणालो, "लिहितो. किती किताबं होती?"

"एकशे बारा," ते म्हणाले. "पण ती २००५ ची गोष्ट. आता चाळीस आहेत, चाळीसच लिही."